फोलफॉक्स की केपॉक्स: पंप घ्यायचा की गोळ्या?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन रिपोर्ट हातात येतो, त्यात लिम्फ नोडमध्ये, म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये आजार दिसतो, म्हणजे स्टेज तिसरी. डॉक्टर केमो सांगतात आणि बऱ्याचदा दोन नावं समोर ठेवतात: फोलफॉक्स आणि केपॉक्स. 'दोन्ही चालतील, घरी बोलून ठरवा' असंही म्हणतात. आमच्या घरी वडिलांना पंप लागला आणि मावशीने गोळ्या घेतल्या, त्यामुळे दोन्ही जवळून पाहिलं आहे. डॉक्टरांचा सल्ला शेवटचा, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

आधी दोन्हींत काय सारखं आहे ते बघू, कारण घाबरवणारं औषध दोन्हीकडे तेच आहे: ऑक्सॅलिप्लॅटिन. ते शिरेतूनच द्यावं लागतं, साधारण दोन तास. फोलफॉक्समध्ये दर दोन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला ८५ मिलिग्रॅम, केपॉक्समध्ये दर तीन आठवड्यांनी १३०. त्याच्या जोडीला जे दुसरं औषध असतं, तिथे वाटा फुटतात. फोलफॉक्समध्ये फाइव्ह-एफयू नावाचं केमोचं औषध ४६ तास पंपातून हळूहळू शरीरात जातं. केपॉक्समध्ये कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ १४ दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सुट्टी. ही गोळी शरीरात गेल्यावर तिचं फाइव्ह-एफयूच बनतं. आजाराशी लढणारा रेणू एकच, तो पोचवायची पद्धत तेवढी वेगळी.

म्हणून लोक याला सोयीचा प्रश्न समजतात: गोळ्या म्हणजे सोपं, पंप म्हणजे कटकट. माझं मत वेगळं आहे. पंपात डोस नर्सच्या हातात असतो, गोळ्यांत तो घरच्यांच्या हातात येतो. जुलाब सुरू झाल्यावर 'आता थांबव' असं सांगणारं माणूस घरी आहे का, यावर मी निम्मा निर्णय ठेवेन.

ऑक्सॅलिप्लॅटिनचा दिवस, दोघांसाठीही

हे औषध फक्त डेक्स्ट्रोजच्या सलाईनमध्ये मिसळतात. मिठाच्या सलाईनमध्ये, म्हणजे एनएसमध्ये, ते टिकत नाही, कारण क्लोराइडमुळे औषध बिघडतं. बाटलीवर 'डेक्स्ट्रोज ५%' लिहिलेलं असतं, ते वाचायला काहीच हरकत नाही. चांगली नर्स अशा प्रश्नावर रागावत नाही, उलट बाटली फिरवून लेबल दाखवते. फाइव्ह-एफयू अल्कधर्मी असल्याने ते आणि ऑक्सॅलिप्लॅटिन एकाच नळीत एकत्र येऊ देत नाहीत. मध्ये डेक्स्ट्रोजने नळी धुतात.

पहिले चार-पाच दिवस थंडीशी वैर. फ्रीज उघडून दुधाची पिशवी बाहेर काढली तरी बोटांत झिणझिण्या येतात. थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकतोय असं वाटतं. श्वासनलिका खरी बंद झालेली नसते, पण त्या क्षणी ते कुणालाही पटत नाही. माठाचं पाणीसुद्धा त्या दिवसांत नको, कोमट पाणी जवळ ठेवा. आमच्याकडे दुधाची पिशवी काढायचं काम आईकडे गेलं आणि सकाळी नळाला हात लावण्याआधी गीझर सुरू होऊ लागला. एसी बसमधून घरी येणार असाल तर हातमोजे, मफलर आणि मोजे पिशवीत असू द्या. तोंड येऊ नये म्हणून काही केमोत बर्फ चघळायला देतात, ती युक्ती इथे चालत नाही. सुईच्या जागी जळजळ किंवा सूज आली तर लगेच सांगा आणि त्यावर बर्फ ठेवू नका.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. ऑक्सॅलिप्लॅटिनची ॲलर्जी पहिल्याच वेळी येते असं नाही, अनेकदा ती पाच-सहा सायकली, म्हणजे केमोच्या फेऱ्या, सुरळीत गेल्यानंतर येते. तळहात खाजणं, चेहरा लाल होणं, छाती भरून येणं असं काहीही वाटलं तर 'दरवेळी असंच होतं' म्हणून गप्प बसू नका.

मुंग्या आणि महिन्यांचा हिशोब

या तुलनेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कालावधीचा मुद्दा. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे हातापायांना येणारा बधिरपणा औषधाच्या एकूण साठ्याप्रमाणे वाढतो. शर्टाची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही. औषध थांबल्यावरही काही महिने तो वाढू शकतो, काहींना तो कायम राहतो. सहा महिन्यांच्या फोलफॉक्समध्ये १२ वेळा ८५, म्हणजे १०२०. तीन महिन्यांच्या केपॉक्समध्ये चार वेळा १३०, म्हणजे ५२०. जवळजवळ निम्मं.

तीन महिने पुरतात का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयडिया' या सहा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात १२,८३४ रुग्ण होते. मध्यम किंवा तीव्र मज्जातंतूंचा त्रास सहा महिने फोलफॉक्स घेणाऱ्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना झाला, तीन महिने घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना. केपॉक्समध्ये हेच आकडे ४५ आणि १४ टक्के. आजार कमी धोक्याचा असेल, म्हणजे गाठ टी१ ते टी३ (टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली ते) आणि एक ते तीन लिम्फ नोड बाधित, तर तीन महिन्यांचं केपॉक्स सहा महिन्यांइतकंच उपयोगी ठरलं. फोलफॉक्सला मात्र तीन महिन्यांवर आणणं तितकं भरवशाचं दिसलं नाही. टी४ असेल किंवा चार अथवा जास्त नोड असतील, तर चर्चा बदलते आणि सहा महिन्यांचा विचार होतो. म्हणून रिपोर्टवरची टी आणि एन (एन म्हणजे बाधित नोड) ही अक्षरं आणि त्यांच्यापुढचे आकडे डॉक्टरांसमोर बोट ठेवून विचारा. कमी धोक्याचा आजार, किडनी ठीक आणि गोळ्या नीट घेणारं माणूस, असं असेल तर मी केपॉक्सकडे झुकेन. बारा फेऱ्यांऐवजी चार, शिवाय पोर्टचं, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवायच्या छोट्या डबीचं ऑपरेशनही अनेकदा टळतं. मात्र हाताच्या शिरेतून १३० चा डोस जाताना हात दुखतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

पंप घरी येतो तेव्हा

फोलफॉक्ससाठी बहुतेक वेळा छातीत त्वचेखाली पोर्ट बसवतात किंवा दंडातून पिक लाइन, म्हणजे मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, घालतात. सुई लावून, पंप कमरेच्या पाऊचमध्ये घालून रुग्ण घरी येतो आणि ४६ तासांनी सुई काढायला परत जातो. आपल्याकडे बरेचदा फुग्याचा पंप मिळतो. प्लॅस्टिकच्या डबीतला फुगा हळूहळू बारीक होत जातो, बॅटरी नाही, आवाज नाही. उष्णतेने त्याचा वेग वाढतो, म्हणून तो उन्हात, गरम पाण्याच्या पिशवीजवळ किंवा गोधडीत गुंडाळून ठेवू नका. सकाळी आणि रात्री फुग्याचा आकार बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर फरक नीट दिसतो.

बॅटरीचा पंप असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: 'हा ताशी किती मिली जाणार आणि किती तासांत संपणार?' २००६ साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये चार दिवसांत जायचं फाइव्ह-एफयू हिशोबाच्या चुकीमुळे चार तासांत गेलं. २४ ने भागायचं राहिलं, ताशी १.२ ऐवजी २८.८ मिली असा वेग लागला आणि ती रुग्ण दगावली. तिचा कॅन्सर वेगळा होता, औषध हेच. पंप वेळेआधी रिकामा दिसला तर बरं वाटत असलं तरी त्याच तासाला फोन करा. जास्त गेलेल्या डोसवर युरिडिन ट्रायअसिटेट हे औषध आहे, पण ते ९६ तासांच्या आत द्यावं लागतं आणि आपल्याकडे सहज मिळेलच असं नाही. शोधाशोधीला वेळ हातात हवा. पंप गळाला तर नळीचा क्लॅम्प बंद करा, हातमोजे घालून पुसा आणि रुग्णालयाला कळवा.

गोळ्या घरी येतात तेव्हा

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. मध्यम बांध्याच्या माणसाला ५०० च्या तीन गोळ्या सकाळी, तीन संध्याकाळी असा डोस अनेकदा येतो, म्हणजे १४ दिवसांत ८४ गोळ्या. मावशीच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर तारखा होत्या, गोळी घेतली की खूण आणि बाजूला 'किती वेळा जुलाब' याचा रकाना. मला तो कागद कुठल्याही ॲपपेक्षा उपयोगी वाटला. राहिलेला डोस नंतर दुप्पट करून घ्यायचा नाही. रोजच्यापेक्षा चार किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागलं, खाणं पोटात टिकेना, तोंडात फोड येऊन गिळता येईना, तर गोळ्या थांबवून फोन करायचा. 'कोर्स पूर्ण करायचा' या जिद्दीने इथे जिवावर बेतू शकतं.

तळहात-तळपाय लाल होणं, सोलणं हा गोळ्यांचा खास त्रास. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातांना १ टक्का डायक्लोफेनॅक जेल लावणाऱ्यांमध्ये मध्यम-तीव्र त्रास ३.८ टक्के, नुसतं साधं जेल लावणाऱ्यांमध्ये १५ टक्के दिसला. दुखण्यावरचं साधं जेल, पण डॉक्टरांना विचारूनच.

किडनी कमजोर असेल तर गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो, फारच कमजोर असेल तर त्या देतच नाहीत. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) किंवा फेनिटॉइन (फिट्सवरचं) चालू असेल तर आधीच सांगा, दोन्हींचा परिणाम वाढतो. फॉलिक ॲसिड असलेल्या ताकदीच्या गोळ्यांनी कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. नातेवाइकांनी प्रेमाने आणून दिलेली टॉनिकची बाटलीसुद्धा दाखवल्याशिवाय उघडू नका.

दोन्हींसाठी, पहिल्या सायकलआधी

काही लोकांच्या शरीरात फाइव्ह-एफयू मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांना नेहमीचा डोसही विषासारखा लागतो, मग तो पंपातून असो की गोळीतून. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून उपचाराआधी याची तपासणी सुचवली आहे. आपल्याकडे ती सगळीकडे आपोआप होत नाही, म्हणून नाव घेऊन विचारा. छातीत दुखलं तर दोन्ही प्रकारांत औषध थांबवून थेट इमर्जन्सीत जायचं, कारण या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, पांढऱ्या पेशी कमी असताना रात्र फार मोठी असते. फोलफॉक्समध्ये या पेशी जास्त घसरतात, केपॉक्समध्ये जुलाब आणि हातपाय जास्त त्रास देतात.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोचे उपचार येतात. कोणता प्रकार आणि पोर्टचा खर्च त्यात बसतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्या सायकलआधीच विचारा.

आणि एकदा निवडलं म्हणजे बांधले गेलात असं नाही. गोळ्यांनी हातपाय फार सोलले तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा पंपावर नेतात. मुंग्या वाढल्या तर ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून नुसत्या गोळ्या किंवा नुसतं फाइव्ह-एफयू पुढे चालू ठेवतात. त्यासाठी दर वेळी बटण लावता येतं का, चमचा नीट धरता येतो का, हे स्वतःहून सांगा. डे-केअरच्या गर्दीत प्रत्येक वेळी कुणी विचारेलच असं नाही.