बीआयसी कोड, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं ठीक, पण तपासणी-अंक कुठाय?

परदेशी पाठवलेली रक्कम परत आली, तीही कापून. समोरच्याच्या बिलावर बीआयसीतलं (बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड, म्हणजेच स्विफ्ट कोड) एक अक्षर चुकीचं छापलेलं, आणि बँकेचा फॉर्म ते निमूट गिळून पुढे गेला.

रचना ठाऊक असेलच: चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, हवी तर तीन शाखेची. यात चूक पकडणारं काहीच नाही. आयबॅनमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात, देशानंतरचे दोन अंक त्याचसाठी असतात. पहिली चार चिन्हं शेवटी न्या, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ असे आकडे मांडा, ९७ ने भागा. बाकी १ उरली नाही तर नंबर चुकला. बीआयसीत मात्र अस्तित्वात नसलेला कोड तेवढा अडतो. चुकून दुसऱ्याच बँकेचा खरा कोड पडला तर अडवणार कोण? युरोपीय संघात युरोच्या सेपा व्यवहारांत (सेपा म्हणजे युरोपची सामायिक युरो-पेमेंट व्यवस्था) २०१६ पासून ग्राहकाला बीआयसी द्यावाच लागत नाही, आयबॅन पुरतो. म्हणजे उपाय माहीत आहे. पण सगळे देश आयबॅन वापरत नाहीत. अमेरिकाच वापरत नाही.

आठ की अकरा, हा घोळ सुरुवातीला मोठा वाटायचा. ती तक्रार मागे. आठ अक्षरी कोड आणि शेवटी तीन एक्स लावलेला कोड, दोन्ही मुख्य कार्यालयाचेच. शाखा बहुतेकदा खाते क्रमांकावरून कळते. पहिल्या सहा जागी व्यवहारात अक्षरंच येतात, त्यामुळे तिथे ओ की शून्य हा प्रश्न नाही. शंका फक्त सातव्या जागेपासून.

कोड टाकल्यावर आपोआप उमटणारं बँकेचं नाव आणि शहर बिलाशी ताडून बघा. विलीन झालेल्या बँकेचा जुना कोड बिलांवर वर्षानुवर्षं राहतो. मध्यस्थ बँकेचा कोड वेगळ्या रकान्यात जातो. तो लाभार्थी बँकेच्या जागी टाकला की पैसे तिथेच अडकतात.

कौतुक यूईटीआरचं, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाचं. हा ३६ चिन्हांचा क्रमांक मागून घेतला की रक्कम कोणत्या बँकेत थांबली ते बँकेला शोधता येतं. काउंटरवर मात्र तो स्वतःहून कुणी देत नाही.

शुल्काचं म्हणाल तर ओयूआर हा शुल्काचा पर्याय निवडल्यावर जाण्याचा खर्च पाठवणाऱ्याचा. परतीचा त्यात सहसा धरलेला नसतो. शिवाय चलन बदललेलं असेल तर परत येताना दर दुसरा, बँकेच्या सोयीचा.