एमबीबीएसनंतर आयआयटी: खरगपूर की पवई?

इंटर्नशिप संपत आली की सगळी बॅच नीट-पीजीच्या तयारीला लागते. त्यात एखादी अशी असते, जिला आयसीयूतला व्हेंटिलेटर उघडून आत काय चाललंय ते बघायचं असतं. हे तिच्यासाठी.

आयआयटी खरगपूरचा एमएमएसटी (वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानातला पदव्युत्तर अभ्यासक्रम) तीन वर्षांचा आणि एमबीबीएस झालेल्यांसाठीच बेतलेला. प्रवेश संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेतून आणि मुलाखतीतून. वर्गात सगळे डॉक्टरच, त्यामुळे दहावीनंतर सुटलेलं गणित पुन्हा हाती घेताना संकोच वाटत नाही. ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे कितीतरी जण गणित नको म्हणूनच बायोलॉजी घेतात.

पवईचं, म्हणजे आयआयटी मुंबईचं, बायोमेडिकल एमटेक दोन वर्षांचं, गेट ही इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन मिळणारं. 2020 पासून गेटमध्ये बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. इथे शेजारच्या बाकावर इंजिनिअर बसतो. सुरुवातीला दमछाक होते, पण मला हीच जमेची बाजू वाटते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेत घडलेली हृदयाची कृत्रिम झडप बघा. डॉ. वलियाथन स्वतः सर्जन, सोबत इंजिनिअरांची टोळी. पहिले तीन नमुने फसले. झडपेत उघडझाप करणारी कृत्रिम नीलमाची चकती प्राण्यांवरच्या चाचणीत फुटली. चौथ्यात चकती प्लास्टिकची केली आणि डिसेंबर 1990 मध्ये झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. चकती का फुटली, हा प्रश्न एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या इंजिनिअरला सुटला नसता.

पवईतच 2014 पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्र आहे. नागपूरच्या व्हीएनआयटी आणि पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थांतही त्याच्या शाखा निघाल्या. केईएम, सायन, टाटा ही रुग्णालयं त्याच शहरात. म्हणून उपकरण बनवायचं असेल तर माझा कौल पवईला. पाया सावकाश पक्का करून संशोधनात जायचं असेल, तर खरगपूरचं ते एक जादा वर्ष सोन्यासारखं आहे.

घरी मात्र आधीच स्पष्ट सांगा: यातली कुठलीही पदवी म्हणजे एमडी-एमएस नव्हे. स्पेशालिस्टची पाटी लावता येणार नाही. बाबांचा चेहरा उतरेल, तरी सांगा.

(धाकटा भाऊ इंजिनिअर असेल, तर त्याने आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि श्रीचित्रा मिळून चालवतात ते क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक बघावं.)

फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडच्या सीनियरना फोन करा. प्लेसमेंटचं नंतर विचारा. थीसिससाठी रुग्ण कुठल्या वॉर्डातून मिळाले आणि रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीला किती महिने गेले, हे आधी विचारा.