जॅक्सन लायब्ररी: ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेची कसोटी

जावाच्या वेब सर्व्हिसमध्ये आपल्या क्लासच्या ऑब्जेक्टचा अ‍ॅरे जेसन या मजकूर-स्वरूपात लिहायचा आणि पलीकडच्या बाजूला तो पुन्हा ऑब्जेक्टच्या रूपात वाचायचा, हे काम मी बरीच वर्षे जॅक्सनच्या दुसऱ्या मालिकेतील आवृत्त्यांवर सोपवत आलो आहे.

एकट्या ऑब्जेक्टचे काम ही लायब्ररी निमूटपणे करते. कस लागतो तो यादीच्या वेळी. बिलांची यादी वाचताना मी सुरुवातीला ऑब्जेक्टमॅपरला, म्हणजे जॅक्सनच्या वाचन-लेखन करणाऱ्या मुख्य क्लासला, ‘लिस्ट.क्लास’ एवढेच सांगितले होते. वाचन बिनतक्रार पार पडले, यादीची लांबीही बरोबर आली. पण लूपमध्ये पहिल्याच बिलाची रक्कम मागताच क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे प्रकार न जुळल्याची चूक, आले, कारण यादीत बिले नव्हतीच, फील्डचे नाव आणि किंमत अशा जोड्या ठेवणारे लिंक्डहॅशमॅप होते. जावात २००४ साली आलेल्या जेनेरिक्समध्ये यादीतील घटकांचा जो प्रकार आपण लिहितो, तो कंपाइल झाल्यावर पुसला जातो, तेव्हा आत काय भरायचे हे जॅक्सनला कळणार तरी कसे? टाइपरेफरन्स या जॅक्सनच्या मदतनीस क्लासने ती माहिती पुरवता येते, किंवा सरळ ‘बिल[].क्लास’ देता येते. अ‍ॅरे आपल्या घटकांचा प्रकार रनटाइमलाही जवळ बाळगतो, म्हणून मी दुसरा मार्ग पसंत करतो.

लिहिताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मूळ क्लासवर जेसनटाइपइन्फो हे प्रकाराची नोंद करायला सांगणारे अ‍ॅनोटेशन लावलेले असूनही नुसती लिस्ट लिहायला दिली, तर प्रत्येक घटकाच्या उपप्रकाराची खूण जेसनमधून गळून पडते आणि वाचणाऱ्या बाजूला ते पोटबिल आहे की पावती हे ठरवता येत नाही. अ‍ॅरे दिला, तर ती खूण टिकते. दस्तऐवजात ही बाब अधिक ठळकपणे मांडायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनोळखी फील्ड आल्यास या मालिकेत, वेगळे काही सांगितले नाही तर, चूक दाखवली जाते. येणाऱ्या विनंतीसाठी मला ही कडक शिस्त योग्य वाटते, परक्या सर्व्हिसचे उत्तर वाचताना मात्र ती सैल करावी लागते. येणाऱ्या जेसनमधूनच क्लासचे नाव उचलणारे ‘डीफॉल्ट टायपिंग’ बाहेरून येणाऱ्या माहितीसाठी कधीही चालू करू नये. २०१७ मध्ये त्यातली गंभीर सुरक्षा-त्रुटी नोंदली गेली आहे.

लाखो घटकांच्या अ‍ॅरेसाठी मॅपिंगइटरेटर एकेक ऑब्जेक्ट हाती देतो, संपूर्ण यादी मेमरीत धरून ठेवावी लागत नाही, आणि केवळ या एका सोयीसाठीही मी ही लायब्ररी निवडली असती.