अथेन्समधली ‘आदिदेवतां’ची पायी फेरी: पैसे वसूल, साबणाचं दुकान वगळून

आधी निकाल सांगते: 5 पैकी 4 तारे. कापलेला एक तारा साबणाच्या दुकानाला जातो. त्याबद्दल पुढे येईलच.

अथेन्समध्ये पुराणकथांच्या नावावर चालणाऱ्या पायी सहली पैशाला पासरी आहेत. बहुतेकांकडचा माल एकच. देवांचा राजा झ्यूस याची लफडी, त्याची बायको हेरा हिचा जळफळाट, अथीना आणि पोसायडनचं शहरावरून भांडण. मुलीने जर्मनीत बसून आमच्यासाठी जी फेरी बुक केली ती झ्यूसच्या आजी-आजोबांची आणि त्यांच्याही आधीच्यांची होती. गाया म्हणजे भूमी, ऊरानोस म्हणजे आकाश, निक्स म्हणजे रात्र, पोंटोस म्हणजे समुद्र, आणि पुढे वारे, नद्या. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. भूमी, आकाश आणि वारे हेच माझे देव, त्यामुळे मी एका पायावर तयार झाले. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना दोन्ही पायांवर तयार होणंही जड जातं, गुडघे दुखतात. पण आले.

दर माणशी 60 युरोच्या आसपास. अ‍ॅक्रोपोलिसचं, म्हणजे देवळांच्या टेकडीचं, तिकीट वेगळं, ते 30 युरो, आणि त्यावर आत शिरायची वेळ छापलेली असते. सहल कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. अशा फेऱ्या आणखीही दोन-तीन जण काढतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

जाहिरातीवर जाऊ नका. तिच्यात केसांत वेली माळलेली, संगणकाने काढलेली एक गोरीपान तरुणी आहे आणि खाली लिहिलंय, ‘ऑलिम्पसच्या देवांनी पुसून टाकलेला मातृदेवतेचा हरवलेला धर्म’. आमच्या गाइडबाई पन्नाशीच्या, गळ्यात सरकारी परवान्याचं कार्ड, पूर्वी उत्खननांवर काम केलेल्या. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं, की ते वाक्य ऑफिसातल्या मुलांनी लिहिलंय, त्याला पुरावा नाही. ‘मी तुम्हाला तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगेन. कवीने काय लिहिलं, जुन्या प्रवाशाने काय पाहिलं, आणि आज जमिनीवर काय आहे.’ आणि बाईंनी शेवटपर्यंत हा शब्द पाळला. चार तारे आहेत ते यासाठी.

सुरुवात सकाळी आठला, ऑलिम्पियन झ्यूसच्या देवळापाशी. एकेकाळी 104 खांब होते, आज 15 उभे आहेत आणि 1852च्या वादळात पडलेला सोळावा तिथेच चकत्या-चकत्या होऊन पसरलाय. सगळे फोटो काढायला लागले तेवढ्यात बाईंनी आम्हाला त्या खांबांकडे पाठ करायला लावली. दुसऱ्या शतकात पाउसानिआस नावाचा प्रवासी इथे आला होता. देवळाच्या आवारात ‘ऑलिम्पियन भूमी’चं वेगळं स्थान त्याने पाहिलं. तिथे जमिनीला हातभर रुंदीची भेग होती. डेउकॅलिऑनच्या (हा ग्रीकांचा मनू) वेळच्या प्रलयाचं पाणी याच भेगेतून खाली उतरलं असं लोक सांगत आणि दरवर्षी तिच्यात मधात कालवलेलं गव्हाचं पीठ टाकत. आज ती भेग कुठे आहे? बाई म्हणाल्या, ‘या बाजूला कुठेतरी. नेमकी जागा दाखवली तर मी खोटं बोलेन.’ एका जर्मन गृहस्थांनी मग इथे आणलंतच कशाला असं विचारलं. मला त्यांचा राग आला, पण प्रश्न गैर नव्हता. या फेरीत बऱ्याच ठिकाणी दाखवायला काही नसतं, ऐकायला असतं. ज्यांना दर दहा मिनिटांनी फोटो हवा त्यांनी पैसे घालवू नयेत.

तिथून जवळच इलिसोस नदी. म्हणजे नदीचा देव. टेकडीवरचं अथीनाचं देऊळ म्हणजे पार्थेनॉन, त्याच्या पश्चिम त्रिकोणी शिल्पपटात कोपऱ्यात रेललेला एक पुरुष इलिसोस मानला जातो. ती मूर्ती लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नदी विसाव्या शतकात रस्त्याखाली गाडली गेली, आता एका छोट्या चर्चजवळ पात्राचा थोडा तुकडा उघडा राहिलाय. तिथे सावलीत बसवून बाईंनी हेसिअडची वंशावळ सांगितली. इसवीसनपूर्व 700च्या सुमाराचा कवी, बिओशियातला शेतकरी. त्याच्या हिशेबात सगळ्यात आधी केऑस, म्हणजे आ वासलेली पोकळी. मग गाया, पाताळातला अंधारा टार्टारोस आणि प्रेमाचा देव एरोस. केऑसपासून काळोख आणि रात्र झाले, आणि गंमत म्हणजे त्या दोघांपासून झाला उजेड आणि दिवस. गायाने आकाश, डोंगर आणि समुद्र कुणाच्याही साथीशिवाय जन्माला घातले, आणि मग त्याच आकाशाशी संसार केला.

हा संसार काही सुखाचा नव्हता. ऊरानोस मुलांना जन्मू देईना, परत आईच्याच पोटात कोंबू लागला. गाया कळवळली, पोटातून करड्या पोलादाचा विळा घडवला आणि मुलांना विचारलं, कोण करतं? धाकटा क्रोनोस पुढे झाला. रात्र पांघरून आकाश भूमीवर पसरलं तेव्हा दबा धरून बसलेल्या पोराने बापाचं पौरुष कापून मागे भिरकावलं. रक्ताचे थेंब भूमीवर पडले, त्यातून सूडाच्या देवता आणि राक्षस झाले. गटात दोन लहान मुलं होती, त्यांच्या आईने कान झाकायचा प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. मुलांना हीच गोष्ट सगळ्यात आवडली. लहान मुलं बरोबर असतील तर आधी कल्पना द्या, एवढंच म्हणते.

याच बैठकीत बाईंनी एरोसचं सांगितलं. पंख फुटलेलं गुबगुबीत पोर हे फार नंतरचं रूप. थेस्पिआय गावात त्याची सर्वात जुनी मूर्ती म्हणजे न घडवलेला नुसता दगड होता, असं पाउसानिआसनेच लिहून ठेवलंय. आमच्या ह्यांनी हळूच माझ्याकडे वाकून विचारलं, ‘म्हणजे तांदळाच की गं. शेंदूर लावायचे का, विचार.’ विचारलं. बाईंनी माहीत नाही असं स्वच्छ सांगितलं, पण वहीत काहीतरी टिपून घेतलं.

नंतर अ‍ॅक्रोपोलिसची चढण. संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, रबरी तळव्याचे बूट नसतील तर घसराल. प्रवेशाजवळ नैऋत्येला ‘बाळं वाढवणारी भूमी’ आणि ‘हिरवी डेमेटर’ (ही धान्याची देवी) यांचं एकत्र स्थान होतं. इथेही खूण म्हणून दाखवायला काही नाही. पण वर पार्थेनॉनच्या उत्तर बाजूला जे दाखवलं त्यासाठी मी 60 युरो पुन्हा देईन. लोक देवळाकडे माना वर करून चालत असतात आणि पायाशी खडकातच कोरलेली ग्रीक अक्षरं कुणी बघत नाही. अर्थ असा: ‘कौलानुसार, फळं देणाऱ्या भूमीची’. इथे भूमीची मूर्ती होती. झ्यूसकडे पाऊस मागणारी भूमी, असं वर्णन पाउसानिआसने केलंय. मूर्ती गेली, अक्षरं राहिली. कवीचं लिहिणं, प्रवाशाचं पाहणं आणि हातभर अंतरावरचा दगड, सगळ्या फेरीत या एकाच जागी तिन्ही जुळतात. अथेन्सला वर्षभरात 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. आकाशाशी पटलं नाही तरी भूमीला पाण्यासाठी वरच बघावं लागतं, हे दुष्काळी दहिवडीला नोकरी केलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. मी तिथे जरा जास्तच रेंगाळले, त्यामुळे कानातल्या यंत्रातून बाईंचा आवाज तुटायला लागला आणि धावत गट गाठावा लागला. ती यंत्रं सुमार आहेत. पंधरा-वीस पावलं मागे पडलं की नुसती खरखर.

उतरताना अरिओपॅगसचा खडक. इथे तिकीट नाही, लोखंडी जिना आहे. ह्यांनी खालीच बसून घेतलं, शहाणपणा केला. या खडकाच्या पायथ्याशी त्या सूडाच्या देवतांचं स्थान होतं. हेसिअडच्या लेखी त्या भूमीच्या लेकी, एस्किलसच्या नाटकात रात्रीच्या. 458 सालच्या (इसवीसनपूर्व) त्या नाटकात आईच्या खुनाचा खटला इथेच चालतो, निकाल विरुद्ध लागल्यावर त्या खवळतात आणि अथीना त्यांना समजावून इथेच मानाची जागा देते. त्याच नाटकाची सुरुवात डेल्फीला, अपोलो देवाच्या कौलाच्या ठिकाणी होते. तिथली पुजारीण कौल देणाऱ्यांची नावं घेते ती गायापासून, अपोलोचा नंबर चौथा. म्हणून डेल्फी आधी भूमीचं होतं आणि अपोलोने ते बळकावलं असं सर्रास सांगितलं जातं. बाईंनी लगेच लगाम घातला. हे कवीचं म्हणणं झालं. अपोलोच्या आधी तिथे भूमीची पूजा चालत होती याचा पक्का पुरावा खोदकामात मिळालेला नाही. दुसऱ्या दिवशी डेल्फीच्या बसमधल्या गाइडने नेमकी तीच बळकावल्याची गोष्ट ठासून सांगितली, तेव्हा आमचे हे चक्क हसले.

आता साबण. खडकावरून उतरल्यावर ‘थंडगार पेयासह विश्रांती’ असं वेळापत्रकात होतं. ती विश्रांती ऑलिव्ह तेलाच्या साबणाच्या दुकानात. पेय म्हणजे बोटभर कपात लिंबू सरबत. पाऊण तास! दुकानदार प्रत्येकाच्या मनगटाला काहीतरी चोळत होता. गाइडबाई बाहेर उभ्या राहिल्या, त्यांनाही हे आवडत नसावं. वेळ तिथे गेल्यामुळे रात्रीच्या देवतेचा भाग पाच मिनिटांत उरकला. ही निक्स मला सगळ्यांत भारी वाटली होती. होमरच्या इलियडमध्ये झोपेचा देव सांगतो, की झ्यूस एकदा त्याच्यावर खवळून धावला, पण तो रात्रीच्या आसऱ्याला गेला तेव्हा झ्यूस मुकाट्याने थांबला. तिला दुखवायची त्याची हिंमत नव्हती. मेगारा गावात रात्रीचं कौल मागायचं ठिकाणही होतं म्हणे. एवढ्यावरच विषय संपला. या साबणाच्या बदल्यात मी निक्स कधीही घेतली असती.

शेवटचा टप्पा वाऱ्यांचा मनोरा. रोमन बाजाराच्या आवारात, आठ बाजूंचा, संगमरवरी, सुमारे 12 मीटर उंच. अ‍ॅण्ड्रोनिकोस नावाच्या माणसाने बांधलेला. आत पाण्याचं घड्याळ होतं, बाहेर भिंतींवर सूर्यघड्याळाच्या रेषा आहेत, माथ्यावर वाऱ्यासरशी फिरणारा काशाचा ट्रायटन, अर्धा माणूस अर्धा मासा असा समुद्रदेव, होता. आणि वरच्या पट्टीत आठ दिशांचे आठ वारे उडतायत. उत्तरेचा बोरिआस जाड झग्यातला दाढीवाला, शंख फुंकतोय. ईशान्येचा कायकिआस गारांची ढाल ओततोय. पूर्वेच्या पोराच्या ओच्यात फळं आणि धान्य. दक्षिणेचा नोटोस घडा उपडा करतोय, तो पाऊस आणणारा. नैऋत्येच्या लिप्सच्या हातात जहाजाचं शेपूट. पश्चिमेचा झेफिरोस जवळजवळ उघडा, पदरात फुलं. शाळेत तीस मुलांपुढे फळ्यावर वाऱ्यांचे बाण काढायचे त्याऐवजी हे चित्र लावलं असतं तर एकही पोर नैऋत्य आणि वायव्य यांत गोंधळलं नसतं.

बोरिआसची गोष्ट तर अशी. इलिसोसच्या काठावरून त्याने अथेन्सच्या राजाची मुलगी ओरिथिया पळवली. म्हणजे तो गावचा जावई. इसवीसनपूर्व 480ला इराणचं आरमार चालून आलं तेव्हा कौल मिळाला, जावयाला हाक मारा. जुना इतिहासकार हेरोडोटस लिहितो की वादळात किमान 400 जहाजं बुडाली. मग अथेन्सवाल्यांनी इलिसोसकाठी बोरिआसचं देऊळ बांधलं. आमच्याकडे जावई दशमग्रह, त्यांच्याकडे आरमार बुडवणारा, असं मी म्हटल्यावर बाई मनापासून हसल्या. त्यांचाही जावई असावा.

जायचं असेल तर हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात सकाळचीच फेरी घ्या. फार उष्मा झाला तर दुपारी अ‍ॅक्रोपोलिस बंद ठेवतात. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. बुक करताना दोन प्रश्न लेखी विचारा: वाऱ्यांचा मनोरा फेरीत आहे का, आणि दुकानात थांबा आहे का. मनोरा नसेल तरी हरकत नाही, वाऱ्यांची शिल्पं कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरूनही दिसतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर अरिओपॅगस सोडा. गाइडबाईंना टीप आम्ही दिली, त्यांनी ती संकोचून घेतली. साबण मात्र एकही विकत घेतला नाही.