म्यूजस्कोअर स्टुडिओ ४ : वादकाच्या स्टँडवर ठेवता येईल असे नोटेशन शिकण्यासाठी

मेकम्यूझिक या अमेरिकन कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी ‘फिनाले’ या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि १९८८ पासून चालत आलेल्या, अरेंजरांच्या (गाणे वाद्यांसाठी मांडणाऱ्यांच्या) एका पिढीचे काम ज्यावर झाले त्या सॉफ्टवेअरचा कारभार आटोपला. ज्यांच्याकडे फिनालेच्या शेकडो जुन्या फायली आहेत त्यांनी काय करावे, हा वेगळा विषय आहे. ज्याला पाच रेघांचे पाश्चात्त्य नोटेशन वाचता येते, हाताने चार ओळी लिहिताही येतात, पण आता वादकांच्या आणि गायकांच्या हाती छापील प्रती द्यायच्या आहेत, अशा माणसाने आज सुरुवात कशावर करावी, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझे उत्तर म्यूजस्कोअर स्टुडिओ ४ हे नोटेशनचे सॉफ्टवेअर आहे. मराठी समूहगीतांच्या चार आवाजांच्या प्रती आणि त्यांच्या साथीला असणाऱ्या छोट्या वाद्यवृंदाचे पार्ट (प्रत्येक वाद्याची सुटी प्रत) मी त्यावर तयार करतो, त्या कामाच्या आधाराने पुढचे लिहितो आहे.

वेर्नर श्वेअर या जर्मन प्रोग्रॅमरने २००२ मध्ये आपल्या एका जुन्या संगीत-सॉफ्टवेअरमधून नोटेशनचा भाग वेगळा काढला, तिथून म्यूजस्कोअरची सुरुवात झाली. चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. इथे एक सावधगिरी सांगायला हवी: याच नावाचे एक संकेतस्थळ इतरांनी चढवलेल्या नोटेशनच्या प्रती उतरवून घेण्यासाठी वर्गणी मागते. ती सेवा वेगळी आहे. सॉफ्टवेअर वापरण्यासाठी तिची काहीही गरज नाही.

स्वर भरण्याचे तंत्र लवकर हाती बसते. एन दाबले की लेखन सुरू होते, आकड्यांनी स्वराची लांबी ठरते (५ म्हणजे एका मात्रेचा क्रॉचेट, ६ म्हणजे दोन मात्रांचा मिनिम, ४ म्हणजे अर्ध्या मात्रेचा क्वेव्हर), ए ते जी या अक्षरांनी स्वर उमटतो आणि वर-खाली बाणांनी तो अर्ध्या स्वराने सरकतो. माउसने एकेक स्वर टिपत बसणाऱ्याने ही सवय पहिल्याच आठवड्यात सोडावी. याहून अधिक या भागाबद्दल सांगण्यासारखे नाही, कारण खरा अभ्यास स्वर भरून झाल्यावर सुरू होतो.

सॉफ्टवेअर आपण सांगू तेवढेच लिहिते आणि ते गणिताने बरोबर असले की तक्रार करत नाही. उदाहरणार्थ, चार-चारच्या (चार मात्रांच्या) बारमध्ये आधी टिंबाचा (दीड मात्रेचा) क्रॉचेट, मग मिनिम आणि शेवटी एक क्वेव्हर भरला, तर मात्रांची बेरीज चोख चार होते आणि म्यूजस्कोअर ते निमूटपणे स्वीकारते. वादकाच्या दृष्टीने मात्र हा बार वाईट आहे, कारण तो मिनिम दुसऱ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होऊन तिसरी मात्रा पोटात गिळतो आणि पहिल्या नजरेत वाचणाऱ्याला बारचा मध्य सापडत नाही. व्यवसायाने नोटेशन लिहिणारा तो मिनिम फोडतो: आधी क्वेव्हर, त्याला टायने (दोन स्वर सलग धरायला सांगणाऱ्या कमानीने) जोडलेला टिंबाचा क्रॉचेट. ऐकू अगदी तेच येते, पण तिसरी मात्रा कागदावर दिसते. स्वर बारलाइन ओलांडत असेल तर म्यूजस्कोअर आपणहून टाय घालते. बारच्या आतला हा विवेक मात्र आपल्यालाच ठेवावा लागतो. टूल्स मेन्यूमध्ये लय पुन्हा गटांत बसवून देणारी आज्ञा आहे, परंतु तिच्या निकालावर डोळे मिटून विसंबू नये. वाजवून नोंदवलेली मिडी फाइल थेट आत घेतली, तर असे दुर्बोध बार ओळीने मिळतात, त्यामुळे शिकणाऱ्याने तो रस्ता धरूच नये.

रेखाटनाच्या बाबतीत चौथ्या आवृत्तीची मूळ मांडणी खरोखर वाखाणण्याजोगी आहे. स्टाफच्या (पाच रेघांच्या संचाच्या) मधल्या रेघेच्या खालच्या स्वरांचे स्टेम (उभ्या काड्या) वर, वरच्यांचे खाली, एकेरी आवाजात स्टेमची लांबी साधारण एका सप्तकाइतकी, लेजर लाइनवरच्या (स्टाफबाहेरच्या जादा छोट्या रेघांवरच्या) स्वरांचे स्टेम मधल्या रेघेपर्यंत ताणलेले, हे सर्व आपल्याला काही न करता मिळते. त्याच्या चिन्हांच्या फॉन्टला लेलँड असे नाव आहे. स्टॅनफर्डमधील लेलँड स्मिथ यांनी घडवलेल्या ‘स्कोअर’ या जुन्या सॉफ्टवेअरच्या छपाईचा कित्ता तो गिरवतो आणि जाडसर रेघांमुळे अंधुक प्रकाशातही नीट वाचता येतो. स्लर, डायनॅमिक्सची (आवाज किती मोठा हे सांगणारी) अक्षरे आणि क्रेशेंडोच्या चिमट्या एकमेकांवर चढणार नाहीत याचीही काळजी बहुतेक वेळा आपोआप घेतली जाते.

नवशिक्याचा मोह इथेच बळावतो. एखादे चिन्ह किंचित खाली हवे असे वाटले की तो ते माउसने ओढतो, मग दुसरे, मग तिसरे, आणि पुढे दोन बार वाढवले की हाताने ओढलेली ती सगळी चिन्हे भलत्याच जागी लोंबकळू लागतात. योग्य शिस्त अशी की जो बदल सगळीकडे हवा तो फॉरमॅट मेन्यूतील स्टाइलमध्ये एकदाच करावा: गीताच्या ओळीचे स्टाफपासूनचे अंतर, दोन सिस्टिममधली (एकत्र वाजणाऱ्या स्टाफच्या गटांमधली) मोकळी जागा, बार क्रमांकांची जागा. हाताने ओढणे अगदी शेवटी, पाने निश्चित झाल्यावर आणि तेही अपवाद म्हणून. स्टाइलची ती खिडकी प्रथमदर्शनी घाबरवणारी आहे, तिच्यातील रकान्यांना अंत नाही असे वाटते. तरीही जो तिच्यात दोन संध्याकाळी घालवील त्याचे काम इतरांहून वेगळे दिसेल.

सुट्या पार्टच्या बाबतीत मात्र शिकणारा आणि व्यावसायिक यांच्यातला फरक लपत नाही. म्यूजस्कोअरमध्ये पूर्ण स्कोअर (सर्व वाद्यांची एकत्र प्रत) आणि प्रत्येक वाद्याचा पार्ट एकाच फाइलमध्ये राहतात. स्कोअरमध्ये स्वर बदलला की पार्टमध्येही बदलतो आणि सलग रिकामे बार पार्टमध्ये एकत्र होऊन त्यांच्यावर आकडा येतो. क्लॅरिनेटसारख्या वाद्याचे स्वर एक पूर्ण स्वर चढवून लिहायचे असतात, तेही सॉफ्टवेअर सांभाळते, मात्र छापण्यापूर्वी ‘कॉन्सर्ट पिच’चे (सगळे स्वर जसे ऐकू येतात तसेच दाखवणारे) बटण बंद आहे याची खात्री करावी. इतके झाल्यावर पार्ट तयार झाला असे अनेकांना वाटते. वास्तविक तेव्हा फक्त कच्चा मसुदा हातात आलेला असतो, कारण पान कुठे उलटायचे हे अजून कोणी ठरवलेलेच नसते. व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. उजव्या पानाच्या शेवटी त्याला पुरेशी विश्रांती मिळाली नाही, तर दोन-चार बार बुडणारच. म्हणून आधी पार्टमधल्या विश्रांती शोधायच्या, त्यांपैकी एखादी उजव्या पानाच्या तळाशी येईल अशा रीतीने पाने तोडायची (बारलाइन निवडून कंट्रोल आणि एंटर), आणि त्यासाठी पानाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडावा लागला तरी बेलाशक सोडायचा. कोऱ्या जागेबद्दल वादक तक्रार करत नाहीत. पार्ट दोन पानांचा असेल तर ती समोरासमोर उघडतील असा छापावा, म्हणजे पान उलटण्याचा प्रश्नच मिटतो. आवृत्ती ४.५ पासून ‘सिस्टिम लॉक’ची सोय आली आहे; एका ओळीत कोणते बार राहतील हे तिने पक्के करता येते आणि नंतरच्या दुरुस्तीने आपण बसवलेली पाने विस्कटत नाहीत. माझ्या मते आतापर्यंतच्या सर्व सुधारणांमध्ये व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडणारी हीच आहे.

लांब विश्रांतीनंतर वादक आत येतो त्या जागी दुसऱ्या वाद्याचे दोन-तीन बार लहान आकारात लिहून देण्याचा रिवाज आहे. हे काम म्यूजस्कोअरमध्ये हाताने करावे लागते आणि कंटाळवाणे आहे, परंतु टाळू नये. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय अरेंजरांच्या काळात मुंबईच्या चित्रपटसंगीताचे पार्ट हातानेच लिहिले जात आणि स्टुडिओतले वादक ते समोर आल्याबरोबर वाजवत. कागद स्वच्छ नसता तर ते कसे जमले असते?

छापतानाची एक बाब आवर्जून सांगतो. वादकाच्या पार्टमध्ये स्टाफची उंची साधारण ७ मिलिमीटर असावी आणि म्यूजस्कोअरची मूळ मांडणीही तेवढीच आहे. पण प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ निवडलेले असेल तर सगळे पान गुपचूप आकसते. पीडीएफ नेहमी शंभर टक्के आकारात छापावी आणि पहिली प्रत पट्टीने मोजून पाहावी.

मराठी गीते बसवणाऱ्यांसाठी देवनागरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कंट्रोल आणि एल दाबून गीताची ओळ सुरू होते. शब्द संपला की स्पेस, शब्दाच्या आत पुढच्या स्वरावर जायचे असेल तर हायफन, आणि शेवटचे अक्षर अनेक स्वरांवर लांबवायचे असेल तर अंडरस्कोअर. जोडाक्षरे आणि मात्रा नीट उमटतात. मात्र मजकुराच्या मूळ एडविन फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे संगणक स्वतःच्या मर्जीने दुसरा फॉन्ट उचलतो आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावर वेगळी दिसू शकते. गीताच्या ओळीसाठी मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी असा फॉन्ट स्टाइलमध्येच ठरवून द्यावा आणि गायकांना फाइल न देता पीडीएफच द्यावी. रफार, अनुस्वार आणि वेलांट्या रोमन अक्षरांपेक्षा अधिक उंची घेतात, म्हणून स्टाफ आणि शब्द यांतले अंतर वाढवावे लागते, अन्यथा खालच्या स्वरांचे लेजर लाइन थेट मात्रांत घुसतात. शब्द कुठे तोडावा याचा निर्णय तर सॉफ्टवेअर करूच शकत नाही. ‘प्रार्थना’ हा शब्द तीन स्वरांवर गायचा असेल तर ‘प्रा-र्थ-ना’ असे लिहावे की उच्चाराप्रमाणे ‘प्रार्-थ-ना’? दुसरी रीत ध्वनीला धरून आहे, पण पाय मोडलेला र पाहून गायक अडखळतो. मी पहिली रीत पाळतो आणि एका संपूर्ण संग्रहात एकच रीत असावी याबद्दल आग्रही आहे.

भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीचे स्वरलेखन या सॉफ्टवेअरमध्ये होत नाही. गीताच्या ओळीत सा रे ग म टाकून आणि कोमल स्वरांखाली रेघ ओढून काहीजण काम भागवतात, पण ती केवळ तडजोड आहे आणि मींड किंवा कणस्वरांशी गाठ पडली की ती कोलमडते. त्या कामासाठी म्यूजस्कोअर घेऊ नये.

म्यूज साउंड्स नावाचे वाद्यध्वनी विनामूल्य मिळतात आणि फुकटच्या मानाने थक्क करणारे आहेत. ते म्यूज हब या वेगळ्या प्रोग्रॅममधून उतरवावे लागतात, कित्येक गिगाबाइट जागा व्यापतात आणि जुन्या लॅपटॉपला धाप लावतात. त्यांचा खरा धोका निराळाच आहे. संगणकातल्या बासरीला श्वास घ्यावा लागत नाही आणि तिचे खालचे स्वर ट्रम्पेटच्या गदारोळातही सुरेख ऐकू येतात, त्यामुळे जे लिहिले ते वाजेलच अशी समजूत होते. वाद्याच्या आवाक्याबाहेरचा स्वर पडद्यावर लाल दिसतो, एवढी मदत सॉफ्टवेअर करते. तो वाजवणे सोयीचे आहे का, हे वादकालाच विचारावे.

पैसे देऊन घ्यायच्या पर्यायांपैकी डोरिको या नोटेशनच्या सॉफ्टवेअरचा विचार गांभीर्याने करावा. २०१२ मध्ये एव्हिड कंपनीने सिबेलियस या आपल्या नोटेशन-सॉफ्टवेअरचे लंडनमधील कार्यालय बंद केल्यावर त्याच चमूतील लोकांना स्टाइनबर्ग कंपनीने एकत्र आणले आणि २०१६ मध्ये त्यांनी डोरिको बाजारात आणले. दोन बासऱ्यांचे दोन पार्ट स्कोअरमध्ये एकाच स्टाफवर आपोआप एकत्र दाखवणे, एका फाइलमध्ये अनेक रचना ठेवणे, या गोष्टी तिथे मुळातून विचार करून केलेल्या आहेत आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्याचे त्यामुळे कित्येक तास वाचतात. सिबेलियस अजूनही अनेक स्टुडिओंत रुळलेले आहे आणि ज्यांच्यासाठी काम करायचे ते तीच फाइल मागत असतील तर दुसरा विचार करण्यात अर्थ नाही. म्यूझिकएक्सएमएल या सामायिक फाइल-प्रकारातून एका सॉफ्टवेअरमधले स्वर दुसऱ्यात नेता येतात, पण पानांची मांडणी बहुतेक करून वाटेत सांडते आणि पुन्हा करावी लागते. समूहगायनाच्या प्रती, शाळेचा वाद्यवृंद, चर्चचा कॉयर, तार-चौकडी किंवा दहा-बारा वाद्यांचा संच इथपर्यंत म्यूजस्कोअर पुरून उरते. डोरिकोचे पैसे मोठ्या ऑर्केस्ट्राचे पहिले काम हातात आल्यावर खर्च करावेत.