व्हीबी२ आणि तीन तऱ्हेचे बफर: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

लिनक्सच्या कॅप्चर ड्रायव्हरमध्ये (कॅमेऱ्याकडून चित्र घेणारा कर्नलचा भाग) बफरची, म्हणजे फ्रेम ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यांची, रांग सांभाळतं ते व्हिडिओबफ२, म्हणजेच व्हीबी२. कर्नल २.६.३९ मध्ये, २०११ साली ते आलं. इथला अनुभव चार उपकरणांवरचा आहे: यूएसबी वेबकॅम (यूव्हीसी ड्रायव्हर), आयओएमएमयू (विखुरलेली मेमरी उपकरणाला सलग दाखवणारं हार्डवेअर) नसलेल्या एआरएम बोर्डावरचा कॅमेरा, स्कॅटर-गॅदर डीएमए (सीपीयूशिवाय थेट विखुरलेल्या मेमरीत लिहिणं) करणारं पीसीआयई कार्ड आणि चाचणीसाठीचा 'व्हिविड' हा आभासी ड्रायव्हर. चारही ठिकाणी एमएमॅप (मेमरी ड्रायव्हरची), यूजरपीटीआर (मेमरी ॲप्लिकेशनची) आणि डीएमएबफ (दुसऱ्या ड्रायव्हरशी वाटून घेतलेली मेमरी) हे तिन्ही प्रकार रोजच्या कामात वापरून पाहिले.

मत आधीच सांगते. नवा ड्रायव्हर लिहीत असाल तर एमएमॅप आणि डीएमएबफ चालू ठेवा. यूजरपीटीआर हार्डवेअरला खरोखर झेपत असेल तरच द्या.

एमएमॅपमध्ये मेमरी ड्रायव्हर देतो, ॲप्लिकेशन ती फक्त स्वतःकडे मॅप करून घेतं. सगळ्यात कमी तक्रारी याच प्रकारात आल्या. लक्ष ठेवायचं ते मेमरीच्या गणितावर. १९२०×१०८० च्या युयव्ही (YUYV, पिक्सेलला दोन बाइट) फ्रेमला ४१,४७,२०० बाइट लागतात, एनव्ही१२ ला (पिक्सेलला दीड बाइट) ३१,१०,४००. डीएमए-कंटिग (सलग मेमरी देणारा व्हीबी२चा भाग) वापरणाऱ्या ड्रायव्हरला आयओएमएमयू नसेल तर ही जागा सीएमएमधून (सलग मेमरीसाठी राखलेला साठा) सलग मिळावी लागते. ३८४०×२१६० एनव्ही१२ ची एक फ्रेम १,२४,४१,६०० बाइटची, म्हणजे आठ बफरना जवळपास १०० एमबी हवेत. ६४ एमबीच्या सीएमएत ते बसणं शक्यच नाही. अशा वेळी रेकबफ्स (बफर मागणारा कॉल) दरवेळी चूक परत करतोच असं नाही. जेवढे बफर मिळाले तेवढे घेऊन तो आकडा कमी करून परत देतो. मागितलेल्या आकड्यावर लूप चालवणारा प्रोग्रॅम तिथेच पडतो, म्हणून परत आलेला आकडाच वापरायचा. किती जागा उरली आहे ते मेमइन्फोमधल्या (/proc/meminfo) 'सीएमएफ्री' या ओळीत दिसतं.

एमएमॅपची दुसरी अडचण वेगाची, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ज्या एआरएम चिपवर कॅमेऱ्याचं डीएमए कॅशशी सुसंगत नसतं, तिथे हे बफर ॲप्लिकेशनला कॅशशिवाय मॅप होतात. त्यातून थेट रंगबदल किंवा ओळख करणारं कोड चालवलं की प्रत्येक वाचन मुख्य मेमरीपर्यंत जातं आणि सीपीयू अडकून पडतो. प्रोसेसर कमजोर आहे असं वाटून लोक बोर्ड बदलतात, पण दोष तिथे नसतोच. पूर्ण फ्रेम एकदा साध्या मेमरीत कॉपी करून पुढचं काम तिथे केलं तरी मोठा फरक पडतो. रांगेला कॅश-सूचना मान्य असतील तर रेकबफ्समध्ये 'नॉन-कोहेरंट' झेंडा लावणं त्याहून बरं. मग कॅश साफ करण्याचं काम क्यूबफ (बफर रांगेत देणं) आणि डीक्यूबफच्या (भरलेला बफर परत घेणं) वेळी व्हीबी२ करतं. रांगेला काय काय जमतं ते रेकबफ्सच्या उत्तरातल्या 'कॅपॅबिलिटीज'मध्ये कळतं (४.२० पासून), म्हणून अंदाजाने ठरवू नये.

यूजरपीटीआर कागदावर आकर्षक दिसतो: स्वतःच्या मेमरीचा पत्ता द्या आणि फ्रेम थेट तिथे घ्या. यूव्हीसीवर तो चालतो, कारण तिथे यूएसबीच्या पॅकेटमधून आलेला डेटा सीपीयूच कॉपी करून फ्रेममध्ये ठेवतो. मेमरीची पानं विखुरलेली असली तरी बिघडत नाही. पण याच कारणाने तिथे 'शून्य कॉपी' कुठल्याच प्रकारात मिळत नाही, ही अपेक्षा आधीच सोडा. पीसीआयई कार्डावरही तो चालतो, कारण स्कॅटर-गॅदरला विखुरलेली पानं चालतात. एआरएम बोर्डावर मात्र मॅलॉकने घेतलेली मेमरी भौतिकदृष्ट्या सलग नसते, त्यामुळे क्यूबफ नाकारला जातो आणि कर्नल लॉगमध्ये 'कंटिग्युअस मॅपिंग इज टू स्मॉल' असं येतं. सुरुवातीचा पत्ता कॅशच्या लाइनवर बसत नसेल तरीही नकारच. शिवाय या प्रकारात प्रत्येक पान खिळवून ठेवावं लागतं. त्याच इंडेक्सला (रांगेतल्या बफरच्या क्रमांकाला) तोच पत्ता आणि तीच लांबी दिली तर व्हीबी२ हे काम पुन्हा करत नाही. दरवेळी नवा पत्ता दिला तर दर फ्रेमला जुनी पानं सोडून नवी धरावी लागतात.

डीएमएबफलाही हाच नियम लागू आहे, आणि खरा फायदा त्यातूनच मिळतो. समजा डिस्प्लेकडे सहा बफर आहेत आणि कॅप्चर रांगेत चारच इंडेक्स. जो इंडेक्स रिकामा दिसेल त्यात जो बफर हाताशी असेल तो दिला, की दर वेळी जुना जोड तुटून नवा होतो, आणि ड्रायव्हरचे 'बफ-क्लीनअप' व 'बफ-इनिट' पुन्हा चालतात. सहा इंडेक्स मागून घ्या आणि प्रत्येक बफरचा इंडेक्स कायमचा ठरवून ठेवा. एवढ्या एका बदलाने फ्रेम गळणं थांबलेलं पाहिलं आहे.

डीएमएबफ कोणी दिला यालाही महत्त्व आहे. एमएमॅपने घेतलेले बफर एक्सपबफने (बफर डीएमएबफ म्हणून देणारा कॉल) बाहेर देणं सगळ्यात सोपं: मेमरी कॅप्चरच्या सोयीची असते आणि जीपीयू किंवा एन्कोडर ती आयात करतो. उलट दिशेने जीपीयूची मेमरी डीएमए-कंटिग ड्रायव्हरकडे आणली तर सलगतेचा तोच प्रश्न आणि लॉगमध्ये तशीच ओळ, फक्त 'मॅपिंग'च्या जागी 'चंक'. एक्सपबफला वाचन-लेखनाचा झेंडा द्यायला विसरू नका. नाहीतर पुढे लिहिण्यासाठी मॅप करताना परवानगी नाकारली जाते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. सीपीयूने डीएमएबफ वाचायचा असेल तर वाचनाच्या आधी आणि नंतर सिंकचा आयऑक्टल (कर्नलला दिलेला कॉल) द्यावा लागतो. तो विसरला तर चित्रात मधूनमधून जुन्या फ्रेमचे आडवे तुकडे दिसतात. ६४ बाइटची कॅश लाइन आणि युयव्ही असेल तर ते ३२ पिक्सेलच्या पटीत असतात. हीच त्यांची ओळख.

प्लेनच्या (फ्रेमच्या उजळपणा, रंग अशा भागांच्या) बाबतीत फसगत सहज होते. एनव्ही१२ मध्ये उजळपणा आणि रंग एकाच बफरमध्ये एकामागे एक असतात, एनव्ही१२एम मध्ये दोन वेगळे बफर. कॅप्चरमध्ये प्लेनचा ऑफसेट ॲप्लिकेशन ठरवू शकत नाही, तो ड्रायव्हर भरतो. म्हणून एकाच एफडीत (बफरच्या फाइल-क्रमांकात) दोन्ही प्लेन ठेवणाऱ्या जीपीयूबरोबर एनव्ही१२च निवडावा. ओळीची लांबीही एसएफएमटीच्या (फॉरमॅट ठरवणारा कॉल) उत्तरातून घ्यावी: १००० पिक्सेल रुंद युयव्हीला २००० बाइट पुरेसे वाटतात, पण ६४ च्या पटीत जाणारं हार्डवेअर २०४८ घेतं, आणि आयात करणाऱ्याने २००० धरले की चित्र तिरकं होतं.

आता ड्रायव्हरच्या आतलं. बफर कुठल्या प्रकारचा आहे ते व्हीबी२ बघतं. ड्रायव्हरने फक्त हातात आलेला प्रत्येक बफर परत दिला पाहिजे, आणि योग्य अवस्थेत दिला पाहिजे. बहुतेक बिघाड इथेच होतात. 'स्टार्ट-स्ट्रीमिंग' फसलं तर तोवर मिळालेले सगळे बफर 'क्यूड' अवस्थेत परत द्यायचे. 'स्टॉप-स्ट्रीमिंग'मध्ये उरलेले 'एरर' अवस्थेत. एकही राहिला तर लॉगमध्ये मोठी सूचना येते आणि व्हीबी२ तो जबरदस्तीने परत घेतं, पण हार्डवेअर अजून त्यात लिहीत असेल तर मोकळी झालेली मेमरी खराब होते. म्हणून आधी डीएमए पूर्ण थांबवा, इंटरप्ट शांत करा, मगच यादी रिकामी करा. 'बफ-प्रिपेअर'मध्ये प्लेनचा आकार फ्रेमपेक्षा लहान असेल तर तिथेच नकार द्यावा. आयात केलेल्या बफरसाठी ही तपासणी फारच गरजेची. 'क्यू-सेटअप'ला क्रिएटबफ्सकडून (आणखी बफर मागणारा कॉल) प्लेनची संख्या आधीच भरून येते. तेव्हा आकार तपासायचे असतात, स्वतःचे लिहायचे नसतात.

ॲप्लिकेशनच्या बाजूने एक गोष्ट. स्ट्रीमऑफनंतर (कॅप्चर थांबवणारा कॉल) सगळे बफर ॲप्लिकेशनकडे परत येतात. पुन्हा सुरू करण्याआधी ते रांगेत द्यावे लागतात. एकही दिला नाही तर पोल (फ्रेम आली का ते विचारणारा कॉल) लगेच एरर दाखवतो.

तपासणीसाठी व्हिविड फार कामाचा आहे: 'मल्टिप्लेनर' आणि 'अलोकेटर्स' हे पॅरामीटर बदलून एक की अनेक प्लेन, व्हीमॅलॉक की डीएमए-कंटिग, हे कॅमेऱ्याशिवाय बघता येतं. खऱ्या ड्रायव्हरवर व्ही४एल२-कम्प्लायन्स हा तपासणीचा प्रोग्रॅम 'एस' पर्यायासह चालवावा, म्हणजे स्ट्रीमिंगही तपासलं जातं. लॉग हवा असेल तर व्हिडिओ नोडच्या 'डेव्ह-डीबग'मध्ये ८ ची बिट लावायला हवी. ती नसेल तर बाकीचे आयऑक्टल दिसतात, पण क्यूबफ आणि डीक्यूबफ दिसत नाहीत. कर्नल बांधताना 'व्हिडिओ-ॲड्व्ह-डीबग' चालू ठेवला तर रांग बंद होताना प्रत्येक कॉल किती वेळा आला ते मोजलं जातं, आणि जोड्या जुळत नसतील तर लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड' असं छापून येतं.