घरी फिंगरस्टाइल गिटार रेकॉर्ड करायची तर कशावर? फोन, रेकॉर्डर, यूएसबी माइक, इंटरफेस आणि पिकअप

बोटांनी छेडलेली गिटार पिकने झोडलेल्या गिटारीपेक्षा बरीच हळू बोलते. शिवाय तिची खरी गंमत स्वर विरताना असते, आणि नेमकी तिथेच पंख्याची घरघर, लॅपटॉपचा फॅन आणि माइकची स्वतःची सरसर वर येते. म्हणून खरेदीआधी पाच मिनिटांची एक चाचणी करून टाकावी. जे साधन हाताशी आहे त्यावर, ज्या खुर्चीत बसून वाजवणार तिथेच, 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची. लगेच, गेनला (माइकचा आवाज किती वाढवायचा हे ठरवणाऱ्या बटणाला) हात न लावता, रचनेतली सगळ्यात हळू ओळ वाजवायची. दोन्हींच्या पातळीत ढोबळमानाने 30 डेसिबलचा फरक दिसला तर खोली कामाची आहे. 20 च्या खाली असेल तर आधी खोलीकडे किंवा वेळेकडे बघा. भारी माइक ती घरघरसुद्धा तितक्याच इमानाने टिपेल.

फोन

फोनचा माइक लोक समजतात तितका वाईट नसतो. घोळ करते ती त्याची हुशारी. आवाज हळू झाला की फोन आपोआप गेन वाढवतो, मग हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला घंटेसारखा स्वर) विरत असताना मागची सरसर फुगत जाते आणि पुढचा स्वर वाजताच दबते. गोंगाट कमी करणारी सोय याच्या उलट वागते: ती लांबत जाणाऱ्या स्वरालाच गोंगाट समजून त्याचं शेपूट कापते. ज्या ॲपमध्ये गेन हाताने ठरवता येतो आणि या दोन्ही सोयी बंद करता येतात, तेच ॲप वापरावं. फोन टेबलावर आडवा ठेवू नये, कारण टेबलावरून परतणारा आवाज थेट आवाजात मिसळून स्वर पोकळ होतो. स्टँडवर, गिटारीपासून 30 सेंटिमीटरच्या आसपास.

सुचलेली कल्पना विसरण्याआधी टिपून ठेवायची असेल तर फोन पुरेसा आहे. तीच रचना दोन वर्षांनी पुन्हा ऐकावीशी वाटेल असा अंदाज असेल तर पुढे वाचा.

हँडी रेकॉर्डर की यूएसबी माइक

दोन्ही 'एकच वस्तू घ्या आणि सुरू करा' प्रकारातले, पण स्वभाव वेगळे. रेकॉर्डरचा मोठा फायदा म्हणजे खोलीत संगणक लागतच नाही. फॅनचा आवाज मुळातून जातो. झूमच्या एच1 एसेन्शियलसारख्या रेकॉर्डरमध्ये एक्स-वाय मांडणीचे (एकमेकांना छेदणाऱ्या दिशांनी बघणारे) दोन माइक आणि 32-बिट फ्लोट, म्हणजे फार हळू आणि फार जोरातला आवाज एकाच फाइलीत मावेल अशी नोंद, असतं. त्यामुळे गेन लावत बसावं लागत नाही. मात्र 32-बिट फ्लोटबद्दल एक गैरसमज पसरलाय. जोरात मारलेल्या अंगठ्याने फाइल क्लिप होणार नाही, म्हणजे आवाज फाटणार नाही, एवढंच ते करतं. खोलीचा गोंगाट आणि छोट्या कॅप्सूलची (माइकच्या आवाज टिपणाऱ्या भागाची) सरसर आहे तशीच राहते.

यूएसबी माइकमध्ये आवाजाने थरथरणारा पडदा सहसा मोठा, सरसर कमी. रोडेच्या एनटी1 ची पाचवी आवृत्ती यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची जोडणी) दोन्हींवर चालते आणि तिचा स्वतःचा आवाज जेमतेम 4 डेसिबल-ए (कानाला जाणवेल त्या हिशेबाने मोजलेले डेसिबल) आहे. निव्वळ यूएसबी माइकची अडचण पुढे कळते. दुसरा माइक जोडावासा वाटला की दोघांची घड्याळं वेगळी धावतात, आणि लांबलचक टेकच्या शेवटी दोन ट्रॅक एकमेकांपासून सरकलेले सापडतात. म्हणजे निव्वळ यूएसबी घेणाऱ्याने 'मला कायम मोनोच पुरेल' हे मनाशी पक्कं करावं. एकल गिटारीला मोनो अजिबात कमीपणाचा नाही, हेही खरं.

संगणक उघडायचाच कंटाळा येत असेल तर रेकॉर्डर. वाजवून झाल्यावर लगेच संपादनाला बसायची सवय असेल तर यूएसबी.

इंटरफेस आणि एक कंडेन्सर

इंटरफेस म्हणजे माइकचा सिग्नल संगणकात नेणारी डबी, आणि कंडेन्सर म्हणजे बाहेरून वीज लागणारा संवेदनशील माइक. वरचेवर रेकॉर्ड करणाऱ्याने इथेच यावं, आणि इंटरफेस एका इनपुटचा न घेता दोन इनपुटचा घ्यावा. दुसरं इनपुट आज रिकामं राहिलं तरी चालेल.

आता माइक मोठ्या पडद्याचा की छोट्या? छोट्या पडद्याचा कंडेन्सर नखाचा टणत्कार आणि तारेचा पहिला क्षण नेमका टिपतो, बाजूने येणाऱ्या आवाजाचा रंगही फारसा बदलत नाही. पण त्याची स्वतःची सरसर जास्त, साधारण 14 ते 20 डेसिबल-ए. मोठ्या पडद्याच्या चांगल्या माइकमध्ये ती 10 च्या खाली असते. कागदावर हा फरक प्रचंड वाटतो. प्रत्यक्षात रात्रीची शांत बेडरूमसुद्धा 25 ते 30 डेसिबल-ए इतकी बोलत असते, त्यामुळे 7 आणि 15 मधला फरक बहुतेकांना ऐकूच येणार नाही. 20 च्या पुढचा माइक मात्र पकडला जातो: खोलीची घरघर खालच्या पट्टीत असते आणि माइकची सरसर वरच्या, त्यामुळे एकीने दुसरी झाकली जात नाही. खोली बऱ्यापैकी शांत असेल तर फिंगरस्टाइलसाठी छोटा पडदा घ्यावा, आणि अगदी नाजूक नायलॉन तारांसाठी मोठा.

घरात गाण्याचा किंवा स्टेजचा डायनॅमिक माइक (वीज न लागणारा, कमी संवेदनशील) पडलेला असतो आणि तोच वापरायचा मोह होतो. शुअर एसएम57 एका पास्कल दाबाला 2 मिलिव्होल्टसुद्धा देत नाही. साधा कंडेन्सर 10 ते 20 देतो. ही उणीव इंटरफेसच्या गेनने भरावी लागते आणि हळू ओळींत प्रीॲम्पच (इंटरफेसमधला आवाज वाढवणारा भाग) सरसरू लागतो. जोरकस, ठोकत वाजवण्याच्या शैलीत तो चालून जातो, हळुवार वादनात नाही.

सेटिंग फार नाही: कंडेन्सरला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण चालू, 24-बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात जोरात वाजवलेला स्वर उणे 12 ते उणे 10 डेसिबलपर्यंत. त्याहून वर नेण्यात काही मिळकत नाही.

माइक कुठे ठेवता यावर मात्र माइक कोणता यापेक्षा जास्त अवलंबून असतं. साउंडहोलसमोर थेट धरला की काम बिघडतं, कारण गिटारीच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झला घुमते. त्यात कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक जवळ आणल्यावर खालची पट्टी आणखी फुगते. मग सहाव्या तारेचा जी आणि पाचव्या तारेचा ए इतर स्वरांपेक्षा ढोलासारखे उठून येतात, आणि हा घोळ इक्वलायझरने नीट सुटत नाही. सुरुवात बाराव्या फ्रेटसमोर, 30 सेंटिमीटरवर करावी आणि माइकचं तोंड फ्रेटबोर्ड जिथे पोटाला मिळतो तिकडे वळवावं. आवाज किरकिरा वाटला तर माइक ब्रिजच्या दिशेने चार बोटं सरकवा. घुमला तर मानेकडे. अंतर 60 वरून 30 वर आणलं की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा तेवढाच राहतो. वाईट खोलीवरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय. 20 च्या आत गेलात की बोटांची घसट, शर्टाची बटणं आणि नाकाचा श्वास ऐकू येतो. श्वासासाठी माइक थोडा खाली घ्यावा, गिटारीच्या पातळीवर किंवा किंचित खालून वर बघणारा.

खोलीच्या बरोब्बर मध्यभागी किंवा भिंतीला चिकटून बसू नये. टाळी वाजवून झणझण ऐकू आली तर ज्या भिंतीकडे तुमचं तोंड आहे आणि जी तुमच्या पाठीशी आहे, त्या दोन ठिकाणी जाड रजई टांगा. रजई वरच्या पट्टीची झणझण मारते, खालच्या घुमण्याला तिचा उपयोग नाही. त्यासाठी बसायची जागा अर्धा मीटर हलवून बघा.

दुसरा टेक पहिल्याला जोडायचा असेल तर खुर्चीच्या पायांभोवती आणि माइक स्टँडखाली टेप चिकटवून ठेवा. पाच सेंटिमीटरचा फरकसुद्धा जोडावर ऐकू येतो. नव्या तारा बसवल्या की तास-दोन तास वाजवून घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक सरकीला चूं वाजतं.

दुसरा माइक घेण्याजोगा आहे का

खोली सुधारली असेल तरच. स्टिरिओ म्हणजे खोलीचे दोष दोन कानांत. निर्धोक मांडणी एक्स-वाय: दोन्ही कॅप्सूल एकावर एक, 90 अंशांचा कोन. मोनोत काहीही बिघडत नाही, पण रुंदी बेताची. ओआरटीएफ मांडणीत, म्हणजे 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांत, पसारा जास्त छान येतो. एक माइक बाराव्या फ्रेटजवळ आणि दुसरा ब्रिजमागच्या फुगीर भागाजवळ, ही दूरची मांडणी सगळ्यात भव्य ऐकू येते आणि सगळ्यात जास्त फसते. यासाठी लोक 3:1 चा नियम सांगतात, म्हणजे माइक वाद्यापासून जितका दूर त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. तो मुळात दोन वाद्यांसमोरच्या दोन माइकांसाठीचा आहे. एकाच गिटारीला दोरी घेऊन साउंडहोलपासून दोन्ही माइकचं अंतर सारखं मोजा, मग मोनोचं बटण दाबून ऐका. बेस पातळ झाला तर एक माइक थोडा सरकवून पुन्हा ऐका.

पिकअप

घर सतत जागं असेल, रस्ता खिडकीशी असेल, तर पिकअप, म्हणजे गिटारीतच बसवलेलं आवाज टिपणारं साधन, हा एकटाच खरा पर्याय आहे. सॅडलखालच्या (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिएझोला, म्हणजे दाबातून सिग्नल देणाऱ्या पिकअपला, पोटातली हवा जवळजवळ कळतच नाही. त्याला सॅडलवरचा ताण कळतो. त्यामुळे जोरात ओढलेल्या तारेला तो प्लास्टिकसारखा 'क्वॅक' आवाज येतो. बॅटरी नसलेला पिएझो नेहमीच्या लाइन इनपुटला लावला तर आवाज पातळ आणि कडक होतो. इंटरफेसवरचं 'इन्स्ट्रुमेंट' बटण दाबा. तिथे पिएझोला लागतो तसा मोठा इनपुट रोध, सहसा 1 मेगाओहमच्या आसपास, मिळतो.

एकटा पिएझो ऐकवत नाही, पण माइकच्या जोडीला तो फार कामाचा. घुमणाऱ्या खोलीत खालची पट्टी पिएझोकडून घ्यायची, माइकला 150-200 हर्ट्झच्या खाली कापून फक्त नख आणि हवा त्याच्याकडून. एक काळजी घ्यावी लागते: पिएझोचा सिग्नल तत्काळ येतो, माइकचा हवेतून. 34 सेंटिमीटरला सुमारे 1 मिलिसेकंद, म्हणजे 48 किलोहर्ट्झला 48 सॅम्पल. माइकचा ट्रॅक तितका अलीकडे ओढा आणि मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. दोन्हींपैकी ज्या स्थितीत सहावी तार भरीव लागते, ती ठेवा.